बाराव्या स्फोटाचा दाखला चुकीचा आहे

12 मार्च 1993 ला मुंबईत स्फोटांची मालिका झाली, 257 माणसं गेली. मुख्यमंत्री शरद पवारांनी त्या दिवशी दूरदर्शनवरून अकराऐवजी बारा स्फोट सांगितले, मुस्लिमबहुल मशीद बंदरचं नाव जोडून. हे त्यांनी पुढे स्वतःच जाहीर केलं. तेव्हापासून हा दाखला देत म्हटलं जातं, 'संकटात अफवा रोखायला सरकारनं लोकांच्या भल्यासाठी खोटं बोलावं.' मला हे अजिबात मान्य नाही.

म्हणे, त्या खोट्यामुळे फटका दोन्ही समाजांना बसल्याचं दिसलं आणि दंगल टळली. पवारांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींत सुमारे 900 जण मेले होते आणि त्यांना मुख्यमंत्री होऊन आठवडाही झाला नव्हता. पण दंगल त्या एका वाक्यानेच टळली, हे ठरवलं कोणी? आणि ज्यांचं माणूस मशीद बंदरला कामाला होतं, त्या घरांनी ती संध्याकाळ कशी काढली असेल? ही गोष्ट सांगताना त्यांची आठवण कुणालाच होत नाही.

आजही तसंच करावं म्हणतात. तेव्हा बातमी कळायची दूरदर्शन, आकाशवाणी नाहीतर सकाळच्या पेपरातून. आज मशीद बंदरचा कुणीही पाच मिनिटांत रस्त्याचा व्हिडिओ टाकेल. मग कुठे जाऊ नका, रक्त कुठे हवंय, हे त्याच सरकारनं सांगितलं तर कोण ऐकेल?

खरं सांगून अफवा थांबत नाही, असाही एक मुद्दा मांडतात. 16 एप्रिल 2020 ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे जमावानं दोन साधू आणि त्यांच्या चालकाला मारलं. आधी टाळेबंदीत चोर फिरत असल्याची अफवा होती. हत्येनंतर तिला धार्मिक रंग देणारी दुसरी पसरली. त्या दुसरीला गृहमंत्री अनिल देशमुखांनी अटकेतल्या 101 जणांची यादी जाहीर करून उत्तर दिलं. यादीत एकही मुस्लिम नव्हता. गुन्हा सिद्ध होण्याआधी नावं उघड करणं मला खटकतं, धर्माचा खुलासा नावांशिवायही करता आला असता. तरी उत्तर खरं होतं, म्हणून ते टिकलं.

पण तीन जीव घेतले ते पहिल्या अफवेनं. अशा रात्री गावात सरकारचा माणूस म्हणजे पोलीस पाटील. सरकार गरजेपुरतं खोटं बोलतं हे गावाला ठाऊक असेल, तर 'हे चोर नाहीत' हे त्याचं म्हणणं ऐकून कोण काठी खाली ठेवेल?