दोन एम

कालपासून मला कुठलीच भाषा बोलावीशी वाटत नाहीये.

सदाशिव पेठेत प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढायला गेले होते. 12 वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आता परदेशात जाऊन शिकवायचं डोक्यात आहे. जाण्याआधी तिथली भाषा थोडी यावी म्हणून क्लासचा फॉर्म भरलेला. बास, एवढंच.

दुकानातल्या काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि मशीनला हात न लावता फॉर्म वाचायला घेतला.

"जपानी?"

"हो."

"आणि तिकडे शिकवणार काय?"

"इंग्रजी."

"म्हणजे त्यांना जपानी येतं."

"हो काका."

"तुम्हाला इंग्रजी येतं."

"हो."

"मग ही मधली उठाठेव कशाला? बाईंना जपानी येतं हे कळल्यावर ती पोरं इंग्रजी बोलतीलच कशाला? आमची सून बंगळुरूची. तिला मराठी समजतं हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी आमच्या घरातलं इंग्रजी संपलं!"

मागे रांगेत चारजण. त्यातला एक "पॉइंट आहे" म्हणाला.

राग याचा आला की मुद्दा खरंच बिनतोड होता. दोन महिने मी भाषाच निवडतेय. व्हिएतनामीत सहा सूर. एकच 'मा' सूर बदलला की भूत, आई किंवा घोडा. माझा आवाज तर वर्गात ओरडून कायमचा एका पट्टीत बसलाय. कोरियन लिपी सोपी, 24 अक्षरं. पण तिथला इंग्रजी शिक्षकाचा नेहमीचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या पासपोर्टला, आणि त्या सातांत आपण नाही. मेलबर्नचा पोरगा कालची पदवी घेऊन विमानात बसतो. मी 12 वर्षं भूतकाळ-भविष्यकाळ घोटून घेतले, आणि मला विचारतात, तुमची मातृभाषा इंग्रजी आहे का? नाही, म्हणून तर व्याकरण येतं! असो.

उरली जपानी. क्रियापद मराठीसारखं शेवटी, हे मी काकांना अभिमानाने सांगितलं. दोन हजारांवर कांजींचं, म्हणजे त्यांच्या चित्रलिपीतल्या अक्षरांचं, बोलले नाही.

"मराठीसारखंच आहे तर त्यांना मराठीच शिकवा की," असं म्हणून त्यांनी अखेर झाकण उघडलं आणि पुन्हा थांबले. माझ्या अर्जावर पेन टेकवलं.

"मॅडम, ॲकोमोडेशनमध्ये दोन एम असतात."

रांग हसली. पॉइंटवाला तर जरा जास्तच.

"टायपिंगची चूक आहे," मी म्हणाले.

"असणारच. दुरुस्त करून प्रिंट काढू? 10 रुपये."

काढली. माझ्या नऊ प्रतींचं बंडल पुढे सरकवताना त्यांनी मला "थँक यू" म्हटलं. "वेलकम" म्हणावं का उलट जपानीत आभार मानून "आरिगातो", हे ठरेपर्यंत त्यांनी पुढच्याचं आधारकार्ड वाचायला घेतलं होतं.