दोन-तीन आठवडे?

एका लेखात म्हटलंय, गर्भ गेल्याचं दुःख दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. कुणाचं? २०२० च्या लंडनमधल्या अभ्यासात सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ गमावलेल्या बायकांपैकी २९ टक्के जणींमध्ये महिन्याभराने मानसिक आघाताची लक्षणं होती, नऊ महिन्यांनीही १८ टक्के जणींमध्ये.

माझं पाचव्या महिन्यात गेलं. तिसऱ्या दिवशी छातीत दूध आलं. असं होऊ शकतं हे डॉक्टरांपासून सासूबाईंपर्यंत कुणीच आधी सांगितलं नव्हतं. न्हाणीघरात नळ सोडून रडले. बाहेर सगळे म्हणत होते, ‘वय आहे अजून, होईल दुसरं.’ (नवरासुद्धा रडला, पण त्याला कुणी विचारलंच नाही.) तपासणीला गेले तेव्हा रक्त, सोनोग्राफी सगळं पाहिलं, झोप लागते का, एवढं मात्र विचारलं नाही.