अख्खा कांतो इवातांनी एकट्याने कॅसेटमध्ये बसवला?

पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष झालेले प्रोग्रामर सातोरु इवाता यांची एक गोष्ट कित्येक वर्षं फिरते आहे. १९९९ च्या पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हर या गेम बॉयवरच्या गेमची कॅसेट म्हणे त्यातल्या नव्या जोहतो प्रदेशातच भरून गेली होती. मग इवाता आले, त्यांनी आठवड्याभरात सगळा गेम निम्म्या जागेत आणला, आणि उरलेल्या जागेत आधीच्या गेममधला अख्खा कांतो प्रदेश बसला. सगळं एकट्याने.

इवातांबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच ही गोष्ट खुपते. तिच्यात त्यांचं खरं काम दिसतच नाही.

आधी तो 'आठवडा' बघू. २००९ मध्ये गोल्ड-सिल्व्हरची नवी आवृत्ती, हार्टगोल्ड-सोलसिल्व्हर, आली, तेव्हाच्या एका गप्पांत पोकेमॉन कंपनीचे त्सुनेकाझु इशिहारा आणि पोकेमॉनचे गेम बनवणाऱ्या गेम फ्रीकचे शिगेकी मोरिमोतो यांनी जुन्या दोन आठवणी सांगितल्या. एक, इवातांनी गोल्ड-सिल्व्हरसाठी चित्रं कॉम्प्रेस करायचं, म्हणजे कमी जागेत बसवायचं टूल बनवून दिलं. दुसरी, निन्टेंडो ६४ या मशीनवरच्या पोकेमॉन स्टेडियम गेमसाठी त्यांनी पहिल्या पोकेमॉन गेमचा, म्हणजे रेड-ग्रीनचा, लढाईचा कोड नव्या मशीनवर आणला. हाताशी कागदपत्रं नव्हती, नुसता सोर्स कोड वाचून, साधारण आठवड्याभरात. तो कोड मूळचा मोरिमोतोंचा, आणि तो लिहायला त्यांना बराच काळ लागला होता. तेव्हा आठवडा लागला तो स्टेडियमला, आणि कॉम्प्रेशन झालं ते गोल्ड-सिल्व्हरचं. फॉरवर्ड होता होता दोन्हींची एकच दंतकथा झाली.

आता कांतो. गेम बॉयवर नकाशा चित्र म्हणून साठवत नाहीत. ३२ बाय ३२ पिक्सेलचे ठोकळे आधीच तयार असतात: गवत, कुंपण, छपराचा कोपरा. नकाशात फक्त कुठे कितव्या नंबरचा ठोकळा ठेवायचा तेवढं लिहिलेलं असतं, एका ठोकळ्याला एक बाइट. पॅलेट टाऊन, म्हणजे कांतोतलं खेळ सुरू होतो ते गाव, आडवं १० ठोकळे, उभं ९. ज्या गावातून एवढ्या मुलांनी पहिल्यांदा घर सोडलं, त्या गावाची सगळी जमीन ९० बाइटांत मावते! आणि हे आकडे कॉम्प्रेस केलेलेच नाहीत, जसेच्या तसे पडलेले आहेत. घरं, माणसं, संवाद यांना वेगळी जागा लागते हे खरं, पण 'नकाशा चेपून बसवला' हे साफ चूक.

जागा खात होती ती पोकेमॉनची चित्रं. समोरून काढलेलं चित्र जास्तीत जास्त ५६ बाय ५६ पिक्सेलचं, म्हणजे ७८४ बाइट. पाठमोरं ४८ बाय ४८, म्हणजे ५७६. असे पोकेमॉन २५१. सगळी चित्रं पूर्ण मापाची धरली तर तीन लाख चाळीस हजार बाइटांच्या वर जातात, आणि जपानी कॅसेटमध्ये जागा होती जेमतेम १ मेगाबाइट, म्हणजे साधारण दहा लाख बाइट. इवातांचं टूल नेमकं या दुखण्यावर होतं. चित्रांकडून वाचलेली जागा बाकी सगळ्याला मिळाली, त्यात कांतोचाही वाटा आला. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

यावर एक मुद्दा हमखास येतो: गोल्ड-सिल्व्हरच्या १९९७ च्या डेमोत कांतो म्हणजे एकच शहर होतं, मग १९९९ मध्ये तो सबंध प्रदेश कसा झाला, इवातांमुळेच ना? पण त्या दोन वर्षांत नकाशापासून पोकेमॉनपर्यंत जवळजवळ सगळंच बदललं. ते बदलणारे गेम फ्रीकचे लोक होते. त्यांची नावं या फॉरवर्डमध्ये कधीच नसतात, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

याच गोष्टीसोबत 'निन्टेंडोच्या अध्यक्षाने कोड लिहिला' असंही सांगतात, तेही जाता जाता दुरुस्त करू. तेव्हा इवाता हॅल लॅबोरेटरी या गेम बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते. १९९३ मध्ये ती कंपनी कर्जात बुडालेली असताना त्यांनी ते पद घेतलं. निन्टेंडोत ते २००० मध्ये गेले, अध्यक्ष २००२ मध्ये झाले.

राहिलं 'एकट्याने'. मदर २ हा गेम बनता बनता अडकला होता तेव्हाचं इवातांचं बोलणं प्रसिद्ध आहे: आहे तेच दुरुस्त करत बसलो तर दोन वर्षं, नव्याने सुरू केलं तर अर्धं वर्ष. पण त्यांनी पहिल्यांदा हात घातला तो टूल्सना, म्हणजे बाकीच्यांची कामं अडून राहणार नाहीत. त्याच्याही आधीचा बलून फाइट हा गेम घ्या, त्यात माणूस फुग्यांवर तरंगतो. त्याची फॅमिकॉन, म्हणजे निन्टेंडोच्या घरगुती मशीनवरची, आवृत्ती इवातांनी लिहिली, आर्केडची, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनची, एसआरडी कंपनीने. फॅमिकॉनवरचा माणूस जास्त अलगद तरंगतो, हे एसआरडीच्या तोशिहिको नाकागोंना कळेना. इवातांनी काहीच लपवलं नाही: माणूस पडद्यावर कुठे आहे याचा हिशोब पूर्ण पिक्सेलात करू नका, दशांशात करा. पुढे सुपर मारिओ ब्रदर्समध्ये मारिओ पाण्यात पोहतो तो याच हिशोबावर.

२००१ मध्ये हॅलचा स्मॅश ब्रदर्स मेली हा गेम वेळेत होईना. इवाता तेव्हा निन्टेंडोत नियोजनाचे प्रमुख होते. ते हॅलमध्ये परत गेले, तीन आठवडे इतरांचा कोड तपासत बसले आणि चुका निस्तरल्या. प्रत्यक्ष प्रोग्रामिंगचं ते त्यांचं शेवटचं काम. गेम २१ नोव्हेंबरला बाजारात आला, गोल्ड-सिल्व्हरनंतर बरोबर दोन वर्षांनी.