‘६३ टक्के’वाल्या मेसेजबद्दल खुलासा

‘घरी रुग्णाची सेवा करणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोक रुग्णाच्या आधी मरतात’ असा मेसेज सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. हे खोटं आहे.

आकडा १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासातून उचललाय. त्यात ६६ ते ९६ वयाच्या, जोडीदाराची काळजी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या लोकांकडे सुमारे चार वर्षं लक्ष ठेवलं होतं. काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांना मृत्यूचा धोका काळजी न घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त दिसला. म्हणजे शंभरातले त्रेसष्ट गेले असं नव्हे. ढोबळमानाने, जिथे दहा जाणार तिथे सोळा. आणि काळजी घेऊनही ताण नसलेल्यांचा धोका वाढलेला आढळला नाही. मेसेजमधून नेमकं हेच गळलंय!

पूर्व भागात विड्या वळता वळता अंथरुणावरच्या सासूचं सगळं करणाऱ्या बाईला हा मेसेज पाठवून काय साधतं? त्यापेक्षा दिरानं एखाद्या रात्रीची पाळी घ्यावी, तिची स्वतःची बीपीची गोळी चुकत नाही ना ते बघावं. मनावरचा भार फार वाटला तर सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करता येतो, चोवीस तास, मोफत.