थंडी येऊन गेली

सोमवारी सकाळी बायकोनं चहाच्या कपाबरोबर स्वतःचा मोबाइलही माझ्यापुढे ठेवला. हवामान खात्याचा आठवड्याचा अंदाज. आकाश मुख्यतः निरभ्र. आज किमान २२, कमाल ३४. पुढे कमाल तिथंच ठाण मांडून बसलेलं आणि किमान रोज एकेक पायरी उतरत शुक्रवारी १८.

"अठरा!" ती म्हणाली. मुलाला दहावीत नव्वद टक्के पडले तेव्हाही तिचा आवाज इतका कापला नव्हता.

मुंबईबाहेरच्यांना यात कापण्यासारखं काय ते कळायचं नाही. त्यासाठी इथला ऑक्टोबर अंगावर काढावा लागतो. कागदोपत्री मॉन्सून ८ ऑक्टोबरला मुंबईचा निरोप घेतो. प्रत्यक्षात दारात चपला घालता घालता तो आणखी चार दिवस गप्पा मारतो, आणि एकदाचा गेला की दुसऱ्या दिवसापासून सूर्य भाडं वसूल करायला येतो. महिनाभर गळ्याभोवती पंचा घेऊन वावरलेल्या माणसाला 'किमान १८' हा आकडा बोनससारखाच वाटतो.

आईनं तिथल्या तिथं हुकूम सोडला, "गोधड्या काढा."

गोधड्या माळ्यावर. माळ्याच्या तोंडाशी पाट, पाटामागे गणपतीची मखर, मखरीमागे जुना मिक्सर (दुरुस्त होईल म्हणून ठेवलेला, त्याला आता अकरा वर्षं झाली) आणि त्याच्याही मागे गोधड्यांची ट्रंक. छत्र्या अजून खालीच आहेत. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ मुंबईच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेलं, तेव्हापासून डिसेंबर लागेपर्यंत आमच्याकडे छत्री माळ्यावर चढत नाही. म्हणजे नोव्हेंबरात आमच्या दारामागे छत्री, खुंटीवर स्वेटर आणि टेबलावर कोकम सरबताची बाटली असे तिन्ही ऋतू एकत्र कुटुंबासारखे नांदतात.

स्टुलावर चढून मी ट्रंक ओढली तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास असा अंगावर आला की दोन दिवस शेजाऱ्यांनी लिफ्टमध्ये माझ्याशी बोलणं टाळलं.

"आई, अठराच आहे. एवढं काय?" मी घाम पुसत म्हटलं.

"बासष्ट साली सात होतं!" आई म्हणाली.

हे आमच्याकडे दर नोव्हेंबरात होतं. आई तेव्हा सहा वर्षांची होती आणि शेगडीपुढून कुणाला उठायला सांगितलं तर भांडणं व्हायची, अशी तिची आठवण. मी अनेक वर्षं ही थाप समजत होतो. शेवटी एकदा नोंदी शोधल्या तर २२ जानेवारी १९६२, सांताक्रूझ, ७.४ अंश! त्या दिवसापासून घरातला कुठलाही वाद मी आईशी जिंकलेलो नाही. भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तरी ती "बासष्ट सालचंही तुला खोटंच वाटत होतं" एवढंच म्हणते.

संध्याकाळी ताईचा फोन. ताई निफाडला दिलेली. महाराष्ट्रात थंडी पडली की पेपरात पहिलं नाव निफाडचं येतं, त्यामुळे ताईला गेली तीस वर्षं आपण थंडीच्या घराण्यात पडलो आहोत असा मान आहे.

"किती म्हणतोस? अठरा?" पलीकडे बराच वेळ हसण्याचा आवाज. मग दाजींना हाक मारून त्यांनाही सांगितलं. तेही हसले.

मी चिडून म्हटलं, "अगं, किनाऱ्यावर पंधरावर किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश उतरलं की त्याला रीतसर थंडीची लाट म्हणतात. हवामान खात्याचाच नियम आहे."

"पंधराला आम्ही उसाचा रस पितो," ताई म्हणाली. "मी पाठवलेला स्वेटर घाल हो!"

मंगळवारी बायकोनं डिंकाचे लाडू करायला घेतले. बाहेर ३४, त्यात तुपात डिंक फुलवायचा, खारकांची पूड भाजायची. स्वयंपाकघरातून ती मधूनमधून बाहेर येऊन पंख्याखाली उभी राहायची आणि "अंगात ऊब हवी ना, थंडी येतेय" असं म्हणून पुन्हा आत जायची. लाडू उत्तम झाले. दोन खाल्ल्यावर रात्री मला एवढी ऊब आली की मी लादीवर झोपलो.

आता ही थंडी येते कुठून, तेही सांगतो. तिकडे भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात निघतो, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतो आणि त्याच्या पाठोपाठ उत्तरेचे कोरडे वारे राजस्थान, गुजरात करत खाली येतात. एवढा प्रवास करून आल्यावर ते थकणारच. बोरिवलीला आमच्या नॅशनल पार्काच्या झाडांत जरा टेकतात, सांताक्रूझच्या वेधशाळेत हजेरी लावतात, कुलाब्याला मात्र जात नाहीत. तिथं तिन्ही बाजूंनी समुद्र, तो रात्री हवा गार होऊच देत नाही, हे शास्त्रीय कारण. माझ्या मते कुलाब्याचं रेल्वे स्टेशन १९३० साली बंद झालं, तेव्हापासून थंडी चर्चगेटलाच उतरून परत फिरते.

बुधवारी किमान २० होतं आणि मला सातच्या आत गाडी पकडायची होती. आईनं दारातच अडवलं. ताईचा स्वेटर. निफाडच्या हिशेबानं विणलेला, म्हणजे हनुवटीपर्यंत गळा आणि वजन साधारण पाळीव मांजराएवढं. घातला. बोरिवलीच्या फलाटावर खरंच बरं वाटलं. आसपास आणखी दोनचार स्वेटर होते, एक माकडटोपीही होती. आम्ही एकमेकांकडे एखाद्या गुप्त संघटनेच्या सभासदांसारखं बघितलं.

फास्ट गाडी आली आणि मी आत गेलो. 'गेलो' हा शब्द फसवा आहे. मागचे चढले म्हणून मी आत होतो. अंधेरीला आणखी तेवढेच आले आणि त्या लोकरीच्या आत मला ऑक्टोबर पुन्हा सुरू झाल्याचं जाणवलं. आधी मानेखाली एक थेंब, मग पाठीवर पागोळी. स्वेटर काढायचा तर हात हलवायला हवेत. माझा एक हात कुणाच्या तरी बॅगेमागे होता, दुसरा नेमका कुठं आहे ते मला सांताक्रूझपासून माहीत नव्हतं.

शेजारच्या तरुणानं माझ्याकडे बघितलं. "काका, हात वर करा."

लोकलमध्ये जागा शिल्लक असते ती फक्त डोक्यावर. मी कसेबसे दोन्ही हात वर केले. तरुणानं पुढून धरलं, मागून अनोळखी हातांनी खेचलं. स्वेटर काखेपर्यंत छान आला आणि चष्म्यात अडकला. आत काळोख, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि बाहेर सल्ल्यांचा गलका. "आधी गळा काढा." "नाही नाही, डावी बाही!" "परत खाली घ्या, पहिल्यापासून करू." तेवढ्यात लोकरीतून गाळून आलेला आवाज ऐकू आला, "पुढील स्टेशन, दादर." मला जायचं होतं चर्चगेटला. पण दादरला काय हवंय हे दारातली गर्दी कधी विचारत नाही. मी दोन्ही हात वर करून, तोंड झाकलेल्या अवस्थेत, शरण आलेल्या दरोडेखोरासारखा फलाटावर पोचलो. चष्मा कुणीतरी खिडकीतून दिला. एक काडी वाकली होती.

दुपारी ३५ झालं. पूर्वेचे वारे जोरात असले की समुद्रावरून येणारी झुळूक उशिरा पोचते आणि तोवर शहर तव्यासारखं तापतं. तो स्वेटर कडेवर घेऊन मी दिवसभर ऑफिसात हिंडलो, आणि "काय, महाबळेश्वरला चाललात?" हे सहा जणांनी विचारलं.

गुरुवारी सकाळी आई गॅलरीत उभी राहून मोठ्या आनंदानं म्हणाली, "बघा, काय सुरेख धुकं पडलंय!" समोरची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. ते तिचं सिमेंट होतं, त्यात रस्त्यावरचा धूर. जमिनीलगतची हवा गार झाली की वरची उबदार हवा झाकणासारखी बसते आणि सगळी धूळ खालीच कोंडते. मी हे समजावून सांगणार होतो, पण आधी खोकला आला.

"बघ, थंडी बाधली," आई म्हणाली. बासष्ट सालचा विषय निघू नये म्हणून मी हळदीचं दूध प्यायलो.

गुरुवारची रात्र आमच्याकडे जवळजवळ सणाची रात्र होती. गोधड्या उन्हं दाखवून आणलेल्या. आजीच्या लुगड्यांची, धुवून धुवून लोण्यासारखी झालेली गोधडी माझ्या वाट्याला आली. प्रश्न उरला पंख्याचा. बायकोला तो पाचवर हवा, मला दोनवर, आईच्या खोलीतून "बंद करा!" असा आदेश, आणि चिरंजीवांनी एसी लावून वर गोधडी घेण्याची सूचना मांडली. ती फेटाळली गेली, पण सूचक म्हणून त्याच्याकडे सगळ्यांनी कौतुकानं बघितलं. शेवटी तीनवर तह झाला. बायकोनं गोधडी नाकापर्यंत ओढली, एक पाय बाहेर काढला आणि म्हणाली, "आता येऊ दे."

मला जाग आली तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. ऊन उशीवर, गोधडी पायाशी, पंखा पाचवर. तो कुणी वाढवला याची चौकशी मी केली नाही.

धावत खाली गेलो. गेटवर वॉचमन माकडटोपी काढून घडी घालत होता.

"थंडी?" मी विचारलं.

"होती ना साहेब. साडेपाचला आली, सातला गेली."

पालिकेच्या पाण्यासारखंच. जे उठले त्यांनी भरून घेतलं. चौथ्या मजल्यावरच्या काकू पार्कात फिरून आल्या होत्या आणि तोंडातून वाफ निघाल्याचं जिन्यात सगळ्यांना सांगत होत्या. अठराला वाफ निघत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण झोपून राहिलेल्या माणसानं कुठल्या तोंडानं वाद घालायचा?

वर आलो तर बायको मोबाइल घेऊन उभी. नवा अंदाज. शनिवारी २०, रविवारी २२, पुढे ढगाळ.

"ठेवा गोधड्या वर," आई म्हणाली. "उगाच धूळ खातील."

स्टूल पुन्हा आलं. मखर खाली, मिक्सर खाली, मी वर. लुगड्याची गोधडी ट्रंकेत मावेना म्हणून ती खांद्यावर टाकून जागा करत होतो, घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि चिरंजीवांनी खालून फोन माझ्या कानाला लावला. ताई होती.

"काय रे, पडली का तुमची थंडी?"

"म्हणजे काय!" मी म्हटलं. "गोधडी अंगावर घेऊनच बोलतोय."