आवराआवरीचा सातबारा

चूक एका चिन्हाची होती. रजेच्या हिशोबात 'पेक्षा कमी' होतं, तिथे 'पेक्षा कमी किंवा बरोबर' हवं होतं. त्यामुळे शिल्लक असलेली शेवटची रजा कुणालाच घेता येत नव्हती. दोन मिनिटांचं काम. कमिट करायचं, म्हणजे बदलाची नोंद करायची, आणि चहाला जायचं.

पण मला आवरायची खोड. जावाची अडीच हजार ओळींची फाइल, आणि तिच्यात फंक्शनं एसटीत जागा मिळेल तशी बसलेली. 'रजा मंजूर करा'च्या मांडीला मांडी लावून 'पिनकोड तपासा'. एडिटरमध्ये 'रीअरेंज कोड' नावाची एक सोय असते. वापरली. सगळी बिऱ्हाडं वर्णानुक्रमे लागली. दिवाळीआधी माळा आवरल्यावर वाटतं तसं वाटलं.

डिफ उघडला, म्हणजे जुन्या आणि नव्या फाइलीतला फरक: गेलेलं लाल, आलेलं हिरवं. अकराशे ओळी लाल, अकराशे हिरव्या.

यात डिफचा दोष नाही. हंट आणि मॅकिलरॉय यांनी १९७६ साली मांडलेली रीत अशी: दोन्ही फाइलींत त्याच क्रमाने येणाऱ्या जास्तीत जास्त ओळी जुळवायच्या. उरल्या त्या जुनीतून गेल्या, नवीत आल्या. 'सरकल्या' ही भानगडच नाही. शेजारच्या खोलीत गेलेल्या माणसाचं डिफ आधी तेरावं घालतो, मग बारसं करतो. (हललेल्या ओळी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची वही ठेवणारा प्रोग्राम, वेगळ्या रंगात दाखवू शकतं, हे मला नंतर कळलं. सगळं नंतरच कळतं.)

दहा ओळी रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्यांच्या तपासणीला, टाका, पंधरा शेरे येतात. अकराशे टाका, कुणी वाचत नाही. लीड मॅडम रजेवर होत्या; शेवटची नव्हती, म्हणून मिळाली. शेजारच्याने अंगठा उमटवला आणि कोड आत गेला.

सोमवारी टेस्ट सर्व्हर उठेना. जावात स्टॅटिक व्हेरिएबलना, म्हणजे सामाईक किमतींच्या खणांना, किमती वरून खाली, लिहिल्या क्रमाने मिळतात. 'कोटा' एका फंक्शनमार्फत 'यादी'तून भरायचा होता. वर्णानुक्रमात कोटा वर गेला, यादी खाली. कोट्याने हात पुढे केला तेव्हा यादी जन्मलीच नव्हती. मध्ये फंक्शन असल्यामुळे, कोड चालण्याआधी तपासणाऱ्या कंपायलरलाही पत्ता नाही.

मॅडमनी गिट ब्लेम लावला. ब्लेम म्हणजे कोडचा सातबारा, कुठली ओळ कुणाच्या नावावर ते सांगणारा. निम्मी फाइल माझ्या नावावर! कुणीतरी २०१६ साली लिहून कॅनडाला गेला, त्याचा पिनकोडसुद्धा माझाच. फुकटच्या जमिनीला कोण नाही म्हणतो, पण 'इतर हक्कां'तला बोजाही सोबत आला.

"अरे, मूळ बग कुठे फिक्स केलायस?"

"त्यातच आहे, मॅडम."

"कशात?"

मी डिफ वरपासून खालपर्यंत दोनदा सरकवला. मलाही सापडेना.

शेवटी अख्खं कमिट रिव्हर्ट केलं, म्हणजे उलटं फिरवलं. क्रम पूर्ववत झाला, सर्व्हर उठला आणि शेवटची रजा पुन्हा गायब झाली. ते एक चिन्ह वेगळ्या कमिटमध्ये टाकलं: एक ओळ लाल, एक हिरवी. मॅडमनी पुन्हा ब्लेम काढला. परत जागेवर आणलेल्या ओळी म्हणजे पुन्हा हललेल्या ओळी, म्हणजे पुन्हा माझ्याच!

अमुक कमिट ब्लेममध्ये धरू नकोस, असं सांगणारी फाइल २०१९ पासून गिटला देता येते. मॅडमनी ती आमच्या रेपोत, म्हणजे कोडच्या कोठारात, पहिल्यांदाच केली. तिच्यात दोन ओळी आहेत. एक माझ्या आवरण्याची, दुसरी रिव्हर्टची. त्यांच्या क्रमाला मी हात लावलेला नाही.