‘विषय समितीकडे आहे’ हे वाक्य आता ऐकवत नाही

वडिलांची पेन्शन वाढावी म्हणून आमच्या खासदारांना तीन पत्रं पाठवली. तिसऱ्या पत्रानंतर त्यांच्या कार्यालयातून एकाचा फोन आला. ‘विषय समितीकडे आहे, पाठपुरावा सुरू आहे.’ डोकं असं सणकलं की संध्याकाळपर्यंत कामात लक्ष लागलं नाही.

कुठल्या समितीकडे? समित्यांनी आपलं काम कधीच करून ठेवलंय!

वडील सूतगिरणीत २८ वर्षं राबले. २०११ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन १,६४० रुपये बसली. आजही १,६४० च. एक रुपया वाढला नाही. त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्याच त्याहून जास्तीच्या येतात. देशात असे ७८ लाखांहून जास्त पेन्शनर आहेत, आणि या योजनेच्या पेन्शनला महागाई भत्ता नाही.

राज्यसभेच्या याचिका समितीपुढे हा विषय गेला, त्याला दहा वर्षांहून जास्त झाली. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, तेच जे पुढे आपल्याकडे राज्यपाल झाले. सप्टेंबर २०१३ मध्ये समितीचा १४७ वा अहवाल आला: किमान पेन्शन ३,००० करा आणि तिला महागाईची जोड द्या. पेन्शनरांच्या ग्रुपवर आजही दर दोन महिन्यांनी ‘कोश्यारी लागू होणार’ असा मेसेज फिरतो आणि वडील तो मला वाचून दाखवतात. लागू काय झालं? सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० रुपये. कोश्यारी मुंबईच्या राजभवनात राहून परत गेले, त्यांच्या समितीची शिफारस मात्र तशीच पडून राहिली.

बरं, पुढे सरकारनेच नेमलेली एक उच्चाधिकार समिती झाली. तिनेही किमान २,००० सुचवले. कामगार मंत्रालयाने प्रस्ताव पाठवला, अर्थ मंत्रालयाने नाही म्हटलं. मग २०२२ मध्ये संसदेच्या कामगारविषयक स्थायी समितीने लिहिलं की आठ वर्षांपूर्वी ठरवलेले १,००० रुपये आता अगदीच अपुरे आहेत. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच आलं, पेन्शन वाढवा. मग घोडं अडलंय कुठे?

अडलंय ते इथे. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. स्थायी समितीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. बैठक बंद दाराआड असते, पक्षाचा व्हीप लागत नाही, म्हणून सत्ताधारी आणि विरोधक एका टेबलाशी बसून सचिवांना धारेवर धरू शकतात. संसदेत खरं काम होतं ते इथेच, आणि हे मी मनापासून म्हणतोय. पण अहवाल पटलावर ठेवला की मंत्रालयाने तीन महिन्यांत काय कारवाई केली ते कळवायचं, आणि तिथे ‘विचाराधीन आहे’, ‘आर्थिकदृष्ट्या शक्य नाही’ एवढं लिहिलं तरी चालतं! समिती फार तर ‘उत्तर मान्य नाही’ असा शेरा मारून पुन्हा अहवाल देते. सभागृहात त्यावर चर्चा जवळपास कधीच होत नाही. दर सहा महिन्यांनी मंत्र्याने शिफारशींच्या स्थितीवर निवेदन करायचा नियम आहे, पण निवेदनाचा कागद पटलावर ठेवला की तोही पाळला जातो. नकार देणाऱ्याला उभं राहून, कॅमेऱ्यासमोर, ७८ लाख माणसांना कारण सांगावंच लागत नाही. माझा सगळा राग यावर आहे.

आणि पैशाचं रडगाणं आम्हाला ऐकवू नका. माजी खासदारांची पेन्शन १ एप्रिल २०२३ पासून २५,००० ची ३१,००० झाली. २०१८ मध्येच कायदा करून खासदारांनी आपला पगार महागाईच्या निर्देशांकाला बांधून घेतला, दर पाच वर्षांनी वाढ ठरलेली. महागाई वाढते हे त्यांना कळतं, स्वतःपुरतं नीट कळतं. बुलढाण्यात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर म्हातारी माणसं साखळी उपोषण करत बसली, ती हेच तर मागत होती!

समिती नेमून, तिचं ऐकायचं नसेल तर लोकांना तिच्या दारात पाठवता कशाला? याचिका लिहायला लावता, दिल्लीच्या खेपा घालायला लावता, साक्षी घेता, छापील अहवाल काढता. त्या वाट बघण्यात माणसं मरतात हो. वडिलांच्या खात्यातले, एकाच पाळीत काम केलेले पाच जण २०१३ नंतर गेले. त्यांच्या बायकांना आता निम्मी पेन्शन मिळते.

चौथं पत्र आज टाकलंय. पुन्हा फोन आला आणि समितीचं नाव निघालं, तर विचारणार आहे, २०१३ ची की २०२२ ची? आणि त्या अहवालाचं पान उघडून फोनवरच वाचून दाखवणार आहे.